मिरजेच्या पेनल्टीचा साक्षीदार

आमच्या क्लबात खेळाडू वारला म्हणून संघातून निघत नाही. त्याला खेळताना पाहिलेला शेवटचा माणूस गेला, की मग निघतो.

वेस इलेव्हन हे क्लबचं नाव. सोलापुरातल्या तुळजापूर वेशीतल्या पोरांनी फार पूर्वी काढलेला हा फुटबॉल क्लब. मालमत्ता म्हणाल तर मैदानाच्या कडेला एक पत्र्याची खोली, दोन फाटक्या जाळ्या आणि कधीच न मिटणारा वाद. सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा उरकली, की पुढच्या रविवारी सकाळी सगळे त्या खोलीत जमतात आणि क्लबच्या इतिहासातले सर्वांत थोर अकरा खेळाडू नव्यानं निवडतात. दुकानांच्या पाट्या रंगवणारा आमचा बसू मग ती नावं निळ्या रंगात भिंतीवर लिहितो. ओळीनं नव्हे, मैदानावर उभे राहतात तशी. दाराजवळ गोलकीपर, त्याच्या पुढे बचावातले, आणि पार पलीकडे खिडकीशी सेंटर फॉरवर्ड. ज्याचं नाव गेलं, त्याच्यावर चुन्याचा हात फिरतो.

नाव राहायला साक्ष लागते. ‘मी याला खेळताना पाहिलंय’ असं म्हणणारा माणूस त्या सकाळी स्वतः हजर हवा. ‘आमचे वडील सांगायचे’ चालत नाही. फोटो चालत नाही, पेपरातलं कात्रण चालत नाही. स्वतःबद्दल कुणी बोलायचं नाही. साक्षीदार आधी काय सांगणार ते बाहेर फोडायचं नाही, जे सांगायचं ते खोलीतच सांगायचं. आणि साक्षीदाराला त्या वेळी मिसरूड फुटलेलं असावं, कारण लहान पोराला प्रत्येक गोलकीपर राक्षसच वाटतो.

मी शिवलीला, शाळेत खेळाची शिक्षिका. आमच्या मुलींचा संघ मी क्लबात आणला तेव्हा मलाही सभासद करून घेतलं. पहिल्याच सभेत मी विचारलं की मला मिसरूड फुटायची वाट किती वर्षं बघायची ते सांगा. अध्यक्ष मृत्युंजयअण्णा, ज्यांचं बाजारात भुसार मालाचं दुकान आहे, बराच वेळ पत्र्याकडे बघत बसले. शेवटी माझ्यापुरतं ‘दहावी पास’ असं ठरलं. मी तापट आहे, हे तोवर सगळ्यांना कळून चुकलं होतं.

खरं सांगायचं तर मला हा नियम आवडायचाही आणि डोक्यातही जायचा. आवडायचा, कारण त्यामुळे थापा बंद झाल्या. सिद्धप्पा थोर की जोतीराम थोर, हा सेंटर फॉरवर्डचा वाद आमच्याकडे दर साली पेटतो. सिद्धप्पा म्हणे मैदानभर पळायचा आणि गोल क्वचित करायचा. जोतीराम एका जागी कमरेवर हात ठेवून उभा असायचा, पण चेंडू पायाशी आला की जाळ्यातच. सिद्धप्पाचे लोक म्हणतात, जोतीरामला खांबासारखं रोवून ठेवलं होतं. जोतीरामचे लोक म्हणतात, सिद्धप्पा पळायचा तो चेंडूपासून लांब. कडक भाकरीचे तुकडे मोडत, शेंगाचटणी बोटाला लावत दोन्ही बाजू दुपारपर्यंत भांडतात. पण प्रत्येक जण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं सांगत असतो, म्हणून ऐकायला मजा येते.

डोक्यात जायचा तो कुंडलिकतात्यांमुळे.

कुंडलिकतात्या आमच्या भिंतीवरचे गोलकीपर. मूळचे बार्शीकडचे, रेल्वेत नोकरी केली, आता ऐंशी ओलांडलेले आणि ठणठणीत. दर सभेला येतात आणि दाराजवळ स्वतःच्याच नावाखाली बसतात. बोलत काही नाहीत. ते जेमतेम दोन वर्षं खेळले, मग खांदा निखळला तो निखळलाच. ती दोन वर्षंही संघ जास्त करून बाहेरगावी खेळला. त्यातला मिरजेचा अंतिम सामना म्हणजे आमच्या क्लबचं सोनं. समोर सोलापूरचाच एका गिरणीचा संघ. आपण एका गोलनं पुढे, आणि शेवटच्या घटकेला त्यांना पेनल्टी मिळाली. ती कुंडलिकतात्यांनी डावीकडे झेपावून अडवली. मिरजेला बघायला सोलापूरचं कुणी गेलं नव्हतं. गेले होते ते फक्त खेळणारे. त्यातले एकेक करत सगळे गेले आणि साक्ष द्यायला उरले एकटे शरणबसवकाका. दर वर्षी ते उठायचे आणि तेच शब्द बोलायचे, की मी बॅकला होतो, चेंडूला याचं बोट लागलेलं मी पाहिलंय.

दिवाळीनंतर शरणबसवकाका गेले.

म्हणजे आता जिवंत, धडधाकट कुंडलिकतात्या खोलीत बसलेले असणार आणि त्यांच्या डोक्यावर बसू चुना फिरवणार. मृत्युंजयअण्णांनाही वाईट वाटत होतं. त्यांनी तात्यांना इथल्या मैदानावर पाहिलंही होतं, पण तेव्हा अण्णा स्वतःच चड्डीतलं पोर होते, त्यामुळे त्यांचं पाहणं मोजत नव्हतं. मी म्हटलं, नियम बदला. अण्णा म्हणाले, एका माणसासाठी बदलला की उद्या प्रत्येक जण आपल्या आजोबांना घेऊन येईल. मला राग आला, पण ते चुकीचं बोलत नव्हते, म्हणून जास्तच आला.

जत्रेच्या आधी मी तात्यांच्या घरी गेले. ते मुलाकडे जुळे सोलापूरला राहतात. मला वाटलं होतं धीर द्यावा लागेल. त्यांनीच मला चहा पाजला आणि म्हणाले की भिंतीवर नाव काय, पावसाळ्यात तसंही ओल धरतं. पण बसूनं मला आधीच सांगितलं होतं, की तात्यांनी दोनदा फोन करून विचारलं, चुना कधी भिजत घालणार म्हणून. नाव जाणार याचं या माणसाला आतून लागलेलं होतं, आणि ते लपवण्यात ते गोलकीपिंगइतके तरबेज नव्हते.

मी सहज विचारलं, की ती पेनल्टी अडवली तेव्हा नेमकं कसं वाटलं. तात्यांनी कप खाली ठेवला. मग सूनबाई आत आहे याची खात्री करून हळू आवाजात बोलले.

“बाई, कुणाला सांगितलेलं न्हाय. माजं डोळं मिटलेलं हुतं.”

मला कळेचना. ते म्हणाले, शिटी वाजली, तो पळत आला, आणि भीतीनं डोळे मिटले ते मिटलेच. झेप घेतली, पडलो, उघडून बघतो तर चेंडू बाहेर आणि पोरं अंगावर. बोटाला काही लागल्याचं आठवत नव्हतं. पण तळहाताची सालटं निघाली होती, त्यात एखादं बोट लागलं तर कळणार कसं? शरणबसव म्हणाला लागलं. तो बॅकला होता, त्यानं पाहिलं असणार. म्हणून तात्यांनीही मानलं. साठ वर्षं लोकांनी पाठ थोपटली आणि साठ वर्षं हा माणूस स्वतःच्या बोटाकडे संशयानं बघत राहिला.

मला त्यांचं वाईट वाटायला हवं होतं. पण खरं म्हणजे मला प्रचंड उत्सुकता वाटली. बोट लागलं की नाही? आणि त्या उत्सुकतेतच माझ्या तोंडून तो प्रश्न निघाला, जो आमच्या क्लबात इतक्या वर्षांत एकाही शहाण्यानं विचारला नव्हता. पेनल्टी मारली कुणी?

अडवणाऱ्याचं नाव आम्ही भिंतीवर लिहिलं, गिरणीला शिव्या घातल्या, मिरजेच्या पंचाचा उद्धार केला. पण मारणारा माणूस होता, त्याला नाव होतं, दोन डोळे होते, आणि चेंडू कुठं गेला ते त्याच्याइतकं कुणी निरखून पाहिलं नसणार, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. समोरचा संघ म्हणजे नुसते जर्सीतले शत्रू.

“गिरनीचा श्रीमंत,” तात्या लगेच म्हणाले. “मंगळवेढ्याचा. हाय का गेला, देव जाणं.”

मी म्हटलं, असेल तर आणू का? शरणबसवकाकांची साक्ष आपल्या बाजूची होती. हा माणूस समोरचा. तो म्हणाला की बोट लागलंच नाही, तर नाव तर जाईलच, पण सोबत ती पेनल्टीही जाईल, आणि तात्यांकडे दाखवायला दुसरं काही नव्हतं. मी तसं त्यांना स्पष्ट सांगितलं.

“आना,” ते म्हणाले. “नाव गेलं तर जाऊ द्या. पण लागलं का न्हाय, ते मला कळू द्या की.”

मंगळवेढ्याला मी एसटीनं गेले. स्टँडसमोरच्या चहावाल्याला विचारलं, की गिरणीत नोकरी केलेले आणि फुटबॉल खेळलेले श्रीमंत नावाचे आजोबा कुठे भेटतील. फुटबॉलचं त्याला काही ठाऊक नव्हतं, पण गिरणी बंद पडल्यावर सोलापूरहून परत आलेले श्रीमंतआबा त्याला ठाऊक होते. शेत गावाबाहेरच होतं. ज्वारी निसवून कणसं दुधात आली होती आणि आबा बांधावर खुर्ची टाकून पाखरं हाकत बसले होते. उंच, वाळलेले, गुडघ्यात वाकलेले.

मी कोण, कुठली हे सांगितलं, वेस इलेव्हनचं नाव घेतलं, आणि कुंडलिक या नावाशी आले तसे त्यांनी हातातली गोफण मांडीवर ठेवली.

“जिता हाय?”

मी हो म्हणाले. ते हसू आवरत होते हे दिसत होतं. मी त्यांना आमचा रिवाज सांगितला. साक्ष आधी फोडायची नाही हेही सांगितलं आणि सांगताना स्वतःलाच शिव्या दिल्या, कारण विचारून टाकलं असतं तर तिथल्या तिथे कळलं असतं. त्यांना नियम फार आवडला. दर साली सगळे जमता आणि जुन्यांची नावं काढता, असं त्यांनी पुन्हा पुन्हा विचारून घेतलं.

“आमच्यात कोन काडनार,” ते म्हणाले. “गिरनीच ऱ्हायली न्हाय. पोरं बी गेली.”

रविवारी सकाळी नातवानं त्यांना गाडीवरून आणून सोडलं. आबांनी धुवट टोपी घातली होती आणि हुरड्याची पिशवी आणली होती. दारात तात्या उभे होते. दोघांनी एकमेकांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. गळाभेट वगैरे काही झाली नाही. तात्या म्हणाले, लई बारीक झालास. आबा म्हणाले, तू लई सुटलास. मग दोघं आत येऊन शेजारी बसले, आणि बसूनं चुन्याची बादली जरा मागे सरकवली.

आबांना बोलू द्यायचं की नाही यावरच पहिली अर्धी सभा गेली. एक जण म्हणाला, समोरच्या संघाच्या माणसाची साक्ष कशी धरायची, त्याचा राग असणार. दुसरा म्हणाला, आजवर असं झालेलं नाही. मी उठून विचारलं, की साक्षीदार आपल्यातलाच हवा असं कुणी, कधी ठरवलंय? माझा आवाज चढला होता. कुणालाच आठवेना. मृत्युंजयअण्णा स्वतःशीच ‘हौदु, हौदु’ असं कानडीत पुटपुटले, आणि अण्णा कानडीत गेले की समजावं, त्यांना पटलंय. त्यांनी आबांना सांगितलं की जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगा.

आबा उभे राहिले.

“हात लागला न्हाय. बोट बी न्हाय. चेंडू खांबाला लागला आन भाईर गेला.”

या माणसाला मीच शोधून आणलं होतं. मृत्युंजयअण्णा खाली बघत होते. एकटे कुंडलिकतात्या पुढे वाकले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर दुःख वगैरे काही नव्हतं. साठ वर्षं अडकलेला प्रश्न सुटला की माणूस कसा दिसतो, ते मी तेव्हा पाहिलं. ते विद्यार्थ्यासारखं विचारत होते.

“कुटल्या खांबाला?”

“तुज्या डाव्या.”

“आन मी कुटं हुतो?”

“तितंच. खांबाला चिकटून. चेंडू ईतभर आत असता तर तुज्या हातात हुता.”

“म्हंजे पोचलो हुतो,” तात्या म्हणाले आणि मागे टेकले. बसूच्या बादलीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

अण्णांनी घसा साफ केला. साक्ष झाली, असं ते जड आवाजात म्हणू लागले. चेंडू अडवला नव्हता, तर मग आता नाव ठेवायचं कशाच्या जोरावर, हे सभेनं ठरवावं. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत आबा चिडले.

“माजं संपलं न्हाय. बसा जरा.”

अण्णा बसले. त्यांना ‘बसा’ म्हणणारं सोलापुरात दुसरं कुणी मला ठाऊक नाही.

आबांनी सांगितलं की त्या साली त्यांनी एकही पेनल्टी दवडली नव्हती, आणि कोपरा वगैरे ते कधी बघतच नसत. सरळ मधोमध, अंगावर, जीव खाऊन मारायचे. गोलकीपर घाबरून बाजूला सरकायचा आणि चेंडू आत. सगळ्या जिल्ह्यातले गोलकीपर सरकले होते.

“ह्यो सरकंना. हात पसरून असा उबा ऱ्हायला, की मला जाळंच दिसंना. पळत आलो तवा एवडीशी फट दिसली, खांबाच्या अंगाला. तितं मारायचं मला कदी जमलं नव्हतं. पर दुसरीकडं जागाच ठिवली नव्हती त्यानं. खांबाला मी मारला न्हाय. त्यानं मला मारायला लावला.”

ते खाली बसले. मी वर्षानुवर्षं मुलींना शिकवते आहे, की गोलकीपरचं निम्मं काम चेंडू येण्याआधीच होतं, आणि ते इतकं नेमकं मला कधी सांगता आलं नव्हतं. मागून कुणीतरी म्हणालं, ठेवा नाव. मग सगळेच म्हणाले. सिद्धप्पाचे लोक आणि जोतीरामचे लोक एका सुरात बोललेले मी पहिल्यांदाच ऐकले.

तात्यांना मात्र राहवलं नाही. त्यांनी आबांचा दंड धरला आणि भर सभेत कबूल करून टाकलं, की तू पळत आलास तसे माझे डोळे मिटले होते. आबा त्यांच्याकडे बघतच राहिले.

“तवाच सांगायचं न्हाय व्हय? मधनं मारला असता की.”

हसण्याचा असा गदारोळ झाला की मैदानावरची पोरं खेळ थांबवून बघायला लागली. बसूनं चुना बाहेर नेऊन ठेवला आणि निळ्या रंगाचा डबा उघडला. तो गोलकीपरचं नाव उजळत होता तेव्हा कुंडलिकतात्या उभे राहिले. इतक्या वर्षांत ते कुणासाठीच उठले नव्हते. म्हणायचे, मी चेंडूकडे बघायचो, माणसांकडे नाही.

“ह्या श्रीमंताला मी खेळताना पाह्यलंय,” ते म्हणाले. “आपल्या जोतीरामाच्या वरचा हुता. जिल्ह्यात तसा सेंटर फॉरवर्ड झाला न्हाय. त्याची गिरनी गेली, भिंत बी गेली. लिवायचं तर हितंच लिवा.”

जोतीरामचे लोक खवळायला हवे होते. खवळले नाहीत. अण्णा पेचात पडले. दुसऱ्या संघाचा माणूस आपल्या अकरांत कसा घ्यायचा? बसूनंच तोड काढली. अकरांत नाहीच घ्यायचा, तो समोरचा आहे, तर समोरच उभा करू. त्यानं गिरणीच्या जर्सीचा लाल रंग कालवला आणि गोलकीपरच्या नावापुढे, पेनल्टीच्या अंतरावर, ‘श्रीमंत’ असं लिहिलं. आमच्या भिंतीवर बारावं नाव आलं. आबा टोपी काढून ते बघत होते, आणि ओल्या रंगाला बोट लावायचा मोह त्यांना आवरत नव्हता.

हुरडा वाटून झाला, चटणी संपली. निघायच्या वेळी आबा दाराशी थांबले आणि त्यांनी मला नियम पुन्हा एकदा विचारला. मग ते बोटांवर काहीतरी जुळवू लागले.

“म्हंजे कुंडलिकाचा साक्षीदार मी. माजा कुंडलिक. मी गेलो तर ह्याचं नाव पुसनार, माजं ऱ्हानार.”

“हां,” मी म्हणाले.

“आन ह्यो गेला तर माजं पुसनार.”

मला हे सुचलंच नव्हतं. जो आधी जाईल तो भिंतीवर राहणार, आणि मागे राहणाऱ्याला स्वतःच्या नावावर चुना फिरताना बघावं लागणार. नियम बदला म्हणून पुन्हा एकदा अण्णांशी भांडावं असं माझ्या मनात आलं. माझे डोळे भरून आले होते आणि तेही मला चालणार नव्हतं. पण त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि तात्या दारातून बाजूला सरले.

“मग तू हो फुडं,” ते आबांना म्हणाले.

“न्हाय, न्हाय. आदी तू. तुजी भिंत हाय.”

“तू पावना हायस.”

दोघंही उंबऱ्याच्या आतच उभे राहिले, एक निळ्या नावाखाली, एक लाल नावाखाली. मागे आम्ही सगळे खोळंबलो होतो आणि बाहेर नातू गाडी चालू करून वाट बघत होता. एरवी मी ओरडले असते. त्या दिवशी मी मागच्यांनाच सांगितलं, थांबा, घाई नाही.